गाणं नेमकं कुणाचं? कल्टमधून बाहेर पडलेली माणसं आणि संगीतोपचार

एका टेपपासून सुरुवात करते.

१८ नोव्हेंबर १९७८. दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात, जंगल तोडून वसवलेली जोन्सटाउन नावाची वसाहत. त्या दिवशी तिथे ९०० हून अधिक माणसं मेली. त्यांत ३०० हून अधिक लहान मुलं होती. ही घटना घडत असताना एक टेपरेकॉर्डर चालू होता. पुढे ती टेप एफबीआयच्या ताब्यात गेली आणि तिला क्यू ०४२ असा क्रमांक मिळाला. लांबी साधारण पाऊण तास. जिम जोन्स बोलतोय, काही जण त्याला दुजोरा देतायत, एक बाई उभी राहून विरोध करतेय, मुलं रडतायत. आणि या सगळ्याच्या मागे कुठूनतरी संथ, ओढल्यासारखं संगीत ऐकू येतं.

मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा वहीत लिहिलं : ‘पार्श्वभूमीला ऑर्गन. मृत्यूच्या वेळीही संगीताचा वापर.’ डोक्यात लगेच प्रकरणाचं शीर्षकसुद्धा तयार झालं!

नोंद चुकीची होती. ती टेप कोरी नव्हतीच, पुन्हा वापरलेली होती. आधी भरलेली गाणी नीट पुसली गेली नव्हती, म्हणून नव्या आवाजांच्या खालून ती विद्रूप होऊन झिरपत होती. त्या क्षणी तिथे कुणीही ऑर्गन वाजवत नव्हतं.

संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हा सगळ्यांना ही चूक मुद्दाम सांगतेय. आपल्याला जे सापडायला हवं असतं ते फार पटकन ‘ऐकू’ येतं. ‘कल्ट संगीताने माणसांना भुलवतात’ हे वाक्य मी आधीच मनात धरून बसले होते, त्यामुळे कानांनीही तेच ऐकलं. या लेखाचा विषय त्या वाक्याच्या पुढचा आहे. अशा गटातून बाहेर पडलेल्या माणसाने पुढे गाण्याचं काय करायचं? आणि त्याला मदत करायला आलेल्या संगीतोपचारकाने काय करायचं, काय करायचं नाही?

आधी शब्द साफ करून घेऊ

‘कल्ट’ला मराठीत सर्रास ‘पंथ’ म्हटलं जातं. माझ्या मते तुम्ही तुमच्या प्रस्तावात हा शब्द वापरू नये. वारकरी पंथ, नाथ पंथ, महानुभाव पंथ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात परंपरेबद्दल आदर असतो. ‘कल्ट’ हा शब्द तर इंग्रजीतही आता शिवीसारखा वापरला जातो. म्हणून अनेक अभ्यासक ‘हाय-कंट्रोल ग्रुप’ म्हणतात. मी ‘अतिनियंत्रक गट’ म्हणते. इथे मोजायची गोष्ट श्रद्धा नाही, नियंत्रण आहे. झोप, जेवण, पैसा, नाती, बातम्या, बाहेर जाण्याचा रस्ता, यातलं किती त्या माणसाच्या हातात उरलंय ते बघायचं.

या विचाराची एक मुळी रॉबर्ट लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाच्या १९६१ च्या पुस्तकात आहे. चीनमधल्या ‘विचारसुधारणे’तून गेलेल्या ४० जणांच्या मुलाखती त्याने हाँगकाँगमध्ये घेतल्या होत्या. त्यांत २५ पाश्चात्त्य होते आणि १५ चिनी. त्याने आठ लक्षणं मांडली. त्यातलं पहिलं म्हणजे माणसाच्या भोवतीचं सगळं संज्ञापन ताब्यात घेणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि दुसरी बाजूही तेवढीच वाचा. आयलीन बार्करने १९८४ च्या ‘द मेकिंग ऑफ अ मूनी’ या पुस्तकात दाखवलं की युनिफिकेशन चर्चच्या कार्यशाळांना गेलेल्यांपैकी बहुसंख्य, म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त लोक सदस्य झालेच नाहीत. मेंदू धुऊन काढण्याचं यंत्र असतं तर इतकी माणसं सुटली नसती. ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द लिहिताना हा आकडा समोर ठेवावा.

दुसरा शब्द ‘संगीतोपचार’. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत याचा अर्थ बहुधा ‘अमुक आजारावर तमुक राग ऐका’ असा असतो. या लेखात तो अर्थ नाही. इथे संगीतोपचार म्हणजे प्रशिक्षित उपचारक आणि समोरचा माणूस यांच्या नात्यात, ठरवून दिलेल्या उद्दिष्टासाठी केलेला संगीताचा वापर. त्यात ऐकणं असेल, वाजवणं असेल, गाणं रचणं असेल. औषधाची गोळी असावी तसं गाणं त्यात नसतं.

पीपल्स टेम्पलचं गाणं

जिम जोन्सने १९५० च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये चर्च सुरू केलं. १९६५ मध्ये ते कॅलिफोर्नियात रेडवुड व्हॅलीला गेलं, नंतर सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसमध्ये पसरलं. वंशभेद चालू असलेल्या अमेरिकेत काळे-गोरे एकत्र बसून प्रार्थना करतात, म्हाताऱ्यांना जेवण मिळतं, तरुणांना व्यसनातून बाहेर काढलं जातं, हे लोकांना खरोखर दिसत होतं. सदस्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते आणि त्यातले कित्येक काळ्यांच्या चर्चमध्ये गॉस्पेल गात मोठे झालेले होते.

हा मुद्दा नीट धरून ठेवा. ते गाणं जोन्सने दिलेलं नव्हतं. माणसं ते घरून घेऊन आली होती.

१९७३ मध्ये टेम्पलच्या गायनवृंदाची ‘ही’ज एबल’ नावाची रेकॉर्ड निघाली. सुरुवातीलाच लहान मुलांचा आवाज आहे. आज ती ऐकणारे बहुतेक जण शहारतात, कारण पुढे काय झालं ते त्यांना माहीत असतं. पण १९७३ मधल्या श्रोत्याला ते माहीत नव्हतं. तुम्ही ती ऐकलीत तर एकदा १९७३ च्या कानांनी ऐकून बघा. वृंद चांगला आहे. गाणारी माणसं खूश आहेत. तो आनंद खोटा म्हणून बाजूला टाकला तर माणसं तिथे का थांबली हे कधीच कळणार नाही.

एकत्र, एका लयीत हलण्याने माणसं बांधली जातात यावर विल्यम मॅकनील या इतिहासकाराने १९९५ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात त्याच्या स्वतःच्या अनुभवापासून होते : १९४१ मध्ये सैन्यभरतीनंतर टेक्ससमध्ये तासन्‌तास कवायत करताना आलेला विचित्र आनंद. दिंडीत चाललेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. टाळ-मृदंगाच्या ठेक्यात पाय कधी पडायला लागतात ते कळतही नाही. पण दिंडीतून माणूस पंढरपूरहून घरी येतो, शेताला लागतो. एकत्र गाण्यात धोका नसतो. गाणं संपल्यावर दार उघडं आहे की बंद, यावर सगळं ठरतं.

जोन्सटाउनमध्ये दार बंद होतं. १९७७ मध्ये शेकडो माणसं तिकडे हलवली गेली. तिथे लाऊडस्पीकर होते आणि त्यांवरून दिवसरात्र जोन्सचा आवाज येत असे, कधी थेट, कधी टेपवरून. ‘व्हाइट नाइट’ म्हणून रात्री-अपरात्री सगळ्यांना गोळा केलं जाई. लिफ्टनचं पहिलं लक्षण आठवा. इथे ते अक्षरशः ध्वनीच्या रूपात होतं. माणसाला शांतता मिळत नव्हती, आणि काय ऐकायचं हे त्याच्या हातात नव्हतं.

आणि तरीही जोन्सटाउनला स्वतःचा बँड होता, ‘जोन्सटाउन एक्स्प्रेस’. १७ नोव्हेंबर १९७८ च्या संध्याकाळी चौकशीसाठी आलेले काँग्रेस सदस्य लिओ रायन यांच्यासमोर तो वाजला. इथल्या काही जणांना ही आयुष्यात घडलेली सर्वांत चांगली गोष्ट वाटते, अशा अर्थाचं रायन बोलले आणि टाळ्या थांबेनात. त्याच संध्याकाळी, त्याच गर्दीत, पाहुण्यांबरोबर आलेल्या एका पत्रकाराच्या हातात चिठ्ठी सरकवली गेली : आम्हाला इथून बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी रायन यांना जवळच्या धावपट्टीवर गोळ्या घातल्या गेल्या.

बँडचा आनंद आणि ती चिठ्ठी, दोन्ही एकाच संध्याकाळच्या. इतिहास लिहिताना यातलं एक ठेवून दुसरं गाळता येत नाही.

बाहेर पडल्यावर

गयानात असूनही वाचलेली माणसं शंभराच्या आत होती. शिवाय कॅलिफोर्नियात राहिलेले आणि आधीच सोडून गेलेले सदस्य होते. त्यांचं पुढे काय झालं?

त्या काळात गट सोडलेल्यांसाठी जी मदत होती ती मुख्यतः बोलण्यावर आधारलेली होती. तिच्या आधी एक काळा अध्याय आहे, तोही माहीत असू द्या. १९७० च्या दशकात ‘डीप्रोग्रॅमिंग’ चालायचं. नातेवाईक पैसे देऊन सज्ञान मुला-मुलींना पळवून आणायचे, खोलीत कोंडायचे आणि मन बदलेपर्यंत वाद घालायचे. नियंत्रणातून सोडवायला पुन्हा नियंत्रणच! पुढे न्यायालयांनी आणि अभ्यासकांनी याला विरोध केला आणि ऐच्छिक सल्ल्याची पद्धत पुढे आली.

याच सुमारास मार्गारेट सिंगर या मानसशास्त्रज्ञ गट सोडलेल्यांच्या चर्चागटांबरोबर काम करत होत्या. जोन्सटाउननंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी १९७९ मध्ये ‘सायकॉलॉजी टुडे’त त्यांचा लेख आला. नैराश्य, एकटेपणा, साधा निर्णय घेता न येणं, आणि मधूनच तंद्रीत घसरणं अशा तक्रारी त्यात नोंदवल्या आहेत. माणूस बसमध्ये उभा असतो आणि अचानक ‘तिथे’ पोचतो. या घसरण्याला ‘फ्लोटिंग’ म्हणतात. १९९५ मध्ये जान्या लालिच यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात सिंगर यांनी ते कशाने सुरू होतं याची वर्गवारी केली. वास, दृश्य, स्पर्श, आणि अर्थातच आवाज : मंत्र, घोषणा, गाणी.

आता संगीताचा प्रश्न किती अवघड आहे ते बघा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गट सोडलेला माणूस कधीकधी सगळंच संगीत बंद करतो. पण टेम्पलमधून वाचलेल्यांच्या लिखाणात गायनवृंद ही बहुतेक वेळा चांगली आठवण म्हणून येते. जी माणसं गेली त्यांचा आवाज त्या गाण्यात आहे. म्हणजे ज्याने तंद्री लागते आणि ज्यात आपली बहीण अजून गातेय, ते गाणं एकच. ते ‘टाळा’ म्हणायचं की ‘ऐका’?

दुसरा इतिहास

इकडे संगीतोपचाराचा इतिहास वेगळ्याच रस्त्याने येत होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत वादक येत. त्याचा उपयोग दिसला, पण नुसता चांगला वादक पुरेसा नाही हेही दिसलं. १९४४ मध्ये मिशिगन स्टेटमध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू झाला, कॅन्ससमध्ये थेयर गॅस्टन यांनी विषयाला शास्त्रीय बैठक दिली, १९५० मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये ज्युलिएट ऑल्विन यांनी संस्था काढली.

आपल्याला यातली एक शाखा विशेष महत्त्वाची. हेलन बॉनी या मेरीलँडमधल्या मनोरुग्ण संशोधन केंद्रात काम करत होत्या. तिथे एलएसडीचे प्रयोग चालू होते आणि त्या सत्रांसाठी संगीत निवडण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे औषध बाजूला ठेवून त्यांनी १९७० च्या दशकात स्वतःची पद्धत बसवली : ‘गाइडेड इमेजरी अँड म्युझिक’. माणूस आडवा होतो, डोळे मिटतो, शरीर सैल सोडतो. निवडलेलं पाश्चात्त्य अभिजात संगीत लागतं आणि मनात येणाऱ्या प्रतिमा तो मार्गदर्शकाला सांगत जातो. अनेकांना तिचा फायदा झालाय, आजही ती शिकवली जाते.

आता हीच पद्धत फ्लोटिंग होणाऱ्या माणसासमोर ठेवून बघा. झोप. डोळे मिट. सैल हो. मी निवडलेलं ऐक. माझ्या आवाजामागे ये.

घोडं इथे पेंड खातं. एका आजाराचं औषध दुसऱ्या माणसाच्या जखमेसारखं दिसतं. बॉनींची पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की ‘संगीत उपयोगी पडतं’ हे विधान अर्धवट आहे. कुणासाठी, कुणाच्या निवडीने, आणि थांबवायचं बटण कुणाच्या हातात, हे आल्याशिवाय ते पुरं होत नाही. सुझान क्यूसिक यांनी २००६ पासून अमेरिकी तुरुंगांमध्ये कैद्यांवर केलेल्या संगीताच्या वापराबद्दल लिहिलं, त्यातूनही हाच मुद्दा समोर येतो. तिथे वाजवलेली गाणी दुकानात मिळणारी साधी गाणी होती. ती बंद करता येत नव्हती, म्हणून ती छळ झाली.

दोन्ही वाटा मिळतात तिथे

या दोन इतिहासांना जोडणारा पूल मला ज्युडिथ हर्मन यांच्या १९९२ च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’मध्ये सापडला. युद्धकैदी, घरात मार खाणाऱ्या बायका आणि कल्टमधले लोक यांना त्या एका धाग्यात बघतात : बंदिवास, दीर्घकाळ दुसऱ्याच्या पूर्ण ताब्यात राहणं. सावरण्याचे त्या तीन टप्पे सांगतात. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग जगाशी पुन्हा नातं.

हे टप्पे संगीताच्या खोलीत आणले तर काय होईल? मी माझ्या प्रस्तावात ते असं मांडलंय.

पहिल्या टप्प्यात उपचारक काही वाजवतच नाही. वाद्यं मांडून ठेवलेली असतात. माणूस एखादं उचलतो किंवा उचलत नाही. डोळे उघडे, पाय जमिनीवर, खुर्ची दाराजवळ. ‘थांब’ची खूण आधीच ठरलेली, आणि ती एकदा दोघांनी वापरून बघितलेली, कारण ‘थांब’ म्हणण्याचा सराव नसतो. एकसुरी, लांबणारा ठेका टाळायचा.

दुसऱ्या टप्प्यात जुनी गाणी. त्यांची वाटणी तो माणूस स्वतः करतो : नको, बघू, माझं. ‘माझं’ मध्ये आलेलं गाणं बहुधा गटाच्या आधीचं निघतं, आजीकडून किंवा आधीच्या चर्चमधून आलेलं. गटाने ते उसनं घेतलं होतं हे कळणं हीच मोठी गोष्ट असते. आणि ‘नको’ मधलं गाणं कायम ‘नको’ राहिलं तरी तो उपचाराचा पराभव नाही.

इतरांबरोबर गाणं सगळ्यात शेवटी. तेही बेसूर व्हायची, मध्येच उठून चहा प्यायला जायची मुभा ठेवून.

जोन्सटाउनच्या बाबतीत यातलं काही वाचलेल्यांनी आणि नातेवाइकांनी आपलं आपणच केलंय. दोन बहिणी गमावलेल्या रिबेका मूर आणि त्यांचे पती फील्डिंग मॅक्गी यांनी एफबीआयकडच्या हजाराच्या जवळपास टेप लोकांना वाचता-ऐकता येतील असं काम उभं केलं. २००५ मध्ये बर्कलीत ‘द पीपल्स टेम्पल’ हे नाटक मुलाखतींवरून उभं राहिलं आणि टेम्पलची गाणी रंगमंचावर आली. ओकलंडच्या एव्हरग्रीन दफनभूमीत ४०० हून अधिक जणांना एकत्र पुरलंय. २०११ पासून तिथे सगळी ९१८ नावं कोरलेल्या शिळा आहेत. दर १८ नोव्हेंबरला माणसं जमतात. कुणीही येतं, कुणीही निघून जातं.

तुम्ही या विषयाकडे वळणार असाल तर

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण आठवेल ते कोरेगाव पार्कचं. रजनीशांचा आश्रम तिथे १९७४ मध्ये उभा राहिला. तासाभराच्या ‘डायनॅमिक’ ध्यानाचे पाच टप्पे, १०-१०-१०-१५-१५ मिनिटांचे, आणि पहिल्या टप्प्यांना बांधून ठेवणारं संगीत जर्मन संगीतकार डॉयटरचं. त्या संगीताबद्दल आजही प्रेमाने बोलणारे लोक आहेत. आणि आईबरोबर या चळवळीत मोठ्या झालेल्या टिम गेस्टचं २००४ चं ‘माय लाइफ इन ऑरेंज’ हे आत्मकथनही आहे. मोठ्यांच्या मुक्तीत मुलं कशी हरवतात हे त्यात दिसतं. दोन्ही साक्षी घ्या. ज्याने स्वतः निवड केली तो आणि ज्याच्या वतीने दुसऱ्याने केली तो, यांचं ‘सावरणं’ एक नसतं. लहानपणापासून आत असलेल्याकडे ‘आधीचं गाणं’ नसतंच. वर मांडलेली माझी दुसऱ्या टप्प्याची कल्पना तिथे अपुरी पडते, हे मला मान्य आहे आणि सध्या मी तिथेच अडकलेय.

शेवटची गोष्ट संमतीपत्राची. आपण सगळे ते शेवटी, घाईत लिहितो. माझ्या मार्गदर्शकांनी पहिला खर्डा वाचून एकच प्रश्न विचारला होता : “ज्या माणसाला वर्षानुवर्षं फक्त ‘हो’ म्हणायला शिकवलंय, त्याची सही तू संमती म्हणून कशी धरणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता थोडंसं आहे. संमती एकदाच घ्यायची नाही, प्रत्येक भेटीत घ्यायची. आणि त्या माणसाने एकदा तरी ‘आज नको’ म्हणेपर्यंत त्याचा ‘हो’ विदा म्हणून वापरायचा नाही. त्याने अभ्यास लांबतो. सहभागी कमी होतात. शिष्यवृत्तीची मुदत मात्र वाढत नाही.

तरी हे करावं लागेल. नाहीतर आपणही त्याच्या पुसल्या न गेलेल्या गाण्यावर आपला आवाज भरून मोकळे होऊ, आणि वहीत लिहू : ‘पार्श्वभूमीला ऑर्गन.’